लँडलाइन काढायची आहे? आधी वही आणा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता खणला आणि घरचा फोन तिसऱ्यांदा मुका झाला. तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला, आणि ३८ दिवसांनी एक गृहस्थ शिडी घेऊन आले. खांबावर चढून त्यांनी कशीबशी जोड मारली, खाली उतरून हात झटकले आणि म्हणाले, "आज चालू करून दिलाय काका. पण तांब्याच्या वायरीचं आता काही खरं नाही. फायबर घ्या, नाहीतर काढूनच टाका."

माझी आई ८१ वर्षांची आहे. ती आतून म्हणाली, "काढा की. पण आक्काचा फोन कुठे येणार ते आधी सांगा."

आक्का म्हणजे साताऱ्याची माझी मावशी. तिच्याकडे मोबाइल नाही, लँडलाइन आहे. तिला सगळ्या जगातले दोन नंबर पाठ आहेत आणि त्यातला एक आमचा.

मी फोन बंद करण्याचा अर्ज लिहायलाच बसलो होतो, तो बाजूला ठेवला. पुढचे तीन महिने जुना फोन आणि नवी व्यवस्था दोन्ही चालू ठेवून एकेक गोष्ट तपासत गेलो. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो. उदाहरण पुण्याचं आहे, पण नाशिक, कोल्हापूर किंवा पणजीत फारसं वेगळं नसावं.

१. महिनाभर वही

फोनशेजारी एक वही ठेवा आणि तिला दोऱ्याने पेन बांधा. दोरा हवाच, आमच्या घरात पेनांना पाय आहेत. आलेला आणि केलेला प्रत्येक कॉल लिहायचा: कोणाचा, कशासाठी.

आमच्या वहीत ३१ दिवसांत २७ कॉल निघाले. ९ आक्काचे. ६ कर्ज आणि क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचे. ४ न्यू जर्सीहून भावाचे, आईचा मोबाइल लागला नाही म्हणून केलेले. ३ वाण्याला, २ दवाखान्याला, २ राँग नंबर. आणि १ कॉल आईने स्वतःच्याच मोबाइलला लावलेला, कारण तो कुठे ठेवला ते आठवत नव्हतं.

ही यादी हातात आली की "आपल्याला लँडलाइन लागते का" हा मोघम प्रश्न सुटा होतो. वाणी मोबाइलवर चालेल. भाऊ व्हॉट्सॲपवर. दवाखान्याला नवा नंबर कळवू. अडला होता तो फक्त आक्काचा प्रश्न. तुमच्या वहीत दुसरंच काही निघेल. एका मित्राच्या सोसायटीचं इंटरकॉम त्याच वायरीवर लटकलेलं होतं, एका दुकानदाराचं फॅक्स यंत्र. घरफोडीचा अलार्म बसवला असेल तर तो कोणत्या वायरीवरून बोंब मारतो तेही बघून ठेवा.

२. तीन गोष्टी, ज्यांना सगळे एकच समजतात

"आता फोन नेटवरून होतो" असं आपण सरसकट म्हणतो. त्यात तीन निरनिराळे प्रकार असतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार ॲपवरून ॲपला. व्हॉट्सॲप, सिग्नल, फेसटाइम, गूगल मीट. दोन्हीकडे तेच ॲप आणि नेट हवं. पैसे लागत नाहीत, पण आक्काच्या लँडलाइनवर व्हॉट्सॲप लागत नाही, आणि दवाखान्यातल्या काउंटरवरच्या फोनवरही नाही. पूर्वी स्काइपवर पैसे भरून साध्या फोनला कॉल लावता यायचा. भारतातून भारतातल्या मोबाइल-लँडलाइनला तसा कॉल लावण्याची सोय स्काइपने नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद केली, आणि मे २०२५ मध्ये स्काइपच मिटलं. तेव्हा जुन्या लेखांत त्याचं नाव वाचून शोधत बसू नका.

दुसरा प्रकार वाय-फाय कॉलिंग. हा लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे. तुमचं नेहमीचं सिम, नेहमीचा नंबर, डायल करायची नेहमीची पाटी, फक्त कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो. समोरच्याकडे काहीही असो, लँडलाइन असो की बटणांचा साधा मोबाइल, लागतो. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सेवा सुरू केली. वेगळे पैसे पडत नाहीत. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिमच्या पानावर 'वाय-फाय कॉलिंग' असं एक बटण असतं, ते चालू केलं की झालं. तळमजल्यावर, जुन्या वाड्यात, लिफ्टशेजारच्या खोलीत जिथे रेंज येत नाही, तिथे फरक लगेच कळतो. आमच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून खिडकीत उभं राहायची वर्षानुवर्षांची सवय यामुळे सुटली.

तिसरा प्रकार फायबरवरचा फोन. घरात फायबर, म्हणजे काचेच्या तारेवरचं नेट, आलं असेल तर भिंतीवरच्या त्या पांढऱ्या किंवा काळ्या डबीच्या पाठीमागे नेटच्या मोठ्या खाचांशेजारी एक छोटी खाच असते, तिच्यावर बहुधा टेलिफोनचं चित्र किंवा 'फोन' असं लिहिलेलं. आपला जुना बटणांचा फोन तिथे लावता येतो. एसटीडी कोडसकट खरा लँडलाइन नंबर मिळतो, कोणीही कुठूनही लावू शकतो. पुष्कळ फायबर प्लॅनमध्ये हे कॉल आधीच धरलेले असतात आणि लोकांना पत्ताच नसतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी दोन वर्षं पैसे भरले आणि ती खाच कधी वापरली नाही.

निवड कशी करायची? माझं मत स्पष्ट आहे. घरात सगळे चाळिशीच्या आतले असतील तर दुसरा प्रकार पुरे, तिसऱ्याच्या नादी लागू नका, नाहीतर कर्ज विकणाऱ्यांना नवा नंबर दिल्यासारखं होईल. घरात सत्तरीपुढचं कोणी असेल, किंवा कोणाला ऐकायला कमी येत असेल, तर तिसरा घ्याच. पहिला प्रकार गप्पांसाठी. त्याच्यावर घर सोडू नये.

शिवाय एक चौथी जात आहे: "परदेशी नंबर फुकट मिळवा" म्हणणारी अनोळखी ॲप. भारतात इंटरनेटवरून साध्या फोनला कॉल जोडायचा तर त्यासाठी परवाना लागतो. परवानाधारक कंपन्यांना ही मुभा जून २०१८ पासून नीट मिळाली. ज्याचा परवाना कुठला, मालक कोण, काही ठाऊक नाही, त्या ॲपला आपली सगळी फोनची यादी देण्यात काय शहाणपण आहे?

३. घरातलं नेट आवाजासाठी बरं आहे का

"आमच्याकडे २०० एमबीपीएस आहे" असं कोणी म्हटलं की मी मान डोलावतो. आवाजाला एवढं काही लागत नाही. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट घेतो, त्याच्यावर चढणारी पत्ता वगैरेची वेष्टणं धरून ८० ते १००. तासभर बोललात तरी दोन्ही बाजू मिळून १०० एमबीच्या आत.

आवाजाला वेग कमी लागतो पण वक्तशीरपणा फार लागतो. आपलं बोलणं साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवलं जातं. पंगतीत वाढपी ठरल्या वेळी येत राहिला तर जेवण सुरळीत होतं. एकदा गायब झाला आणि मग चार पोळ्या एकदम वाढून गेला तर पानावरचा माणूस वैतागतो. आवाजाचंही तसंच, 'हॅलो, हॅलो, तुटतंय' हे त्या वाढप्यामुळे. एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर कानाला खटकत नाही, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा ठोकताळा आहे. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे निव्वळ प्रवासालाच ६० मिलिसेकंद. समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, तेव्हा प्रत्यक्षात शंभराच्या पुढेच. परदेशी कॉलसाठी घरातल्या वाय-फायने वाया घालवायला हातात फारसं काही उरत नाही, ते असं.

तपासायचं असं. रात्री साडेआठ ते साडेनऊ या वेळात, म्हणजे सगळी इमारत नेटवर असते तेव्हा, वाय-फाय कॉलिंग चालू करून मोबाइल 'फ्लाइट मोड'वर टाका, मग फक्त वाय-फाय चालू करा. आता जो कॉल लागेल तो नेटवरूनच. कोणाला तरी लावा आणि बोलत बोलत घरभर फिरा: देवघर, बाल्कनी, न्हाणीघराचं दार. घरातल्या दुसऱ्या कोणाला तेव्हाच मोठा व्हिडिओ कुठेतरी चढवायला सांगा. आवाज जिथे तुटेल ती जागा वहीत.

बहुतेक वेळा दोष राउटरच्या जागेचा असतो. टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये, लोखंडी कपाटाच्या आडोशाला ठेवलेला राउटर काढून मोकळ्यावर, छातीच्या उंचीला आणा. राउटरचे दोन पट्टे असतात: २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत अडकतो, ५ गिगाहर्ट्झ स्वच्छ असतो पण दोन भिंतींत दमतो. राउटर असेल त्या खोलीत ५, लांबच्या खोलीत २.४. पेठेतल्या जाड भिंतींच्या घरात एक राउटर पुरत नाही, दुसरा लावावा लागतो, आणि तो वायरने जोडलेला असला तर उत्तम.

आमच्याकडे आणखी एक भानगड झाली. जुन्या फोनखाली क्रोशाचा रुमाल होता. फोन हलल्यावर आईने तो धुऊन, इस्त्री करून राउटरवर घातला. दुपारी राउटर तापून दोनदा बंद पडला. रुमाल खाली, राउटर वर, अशी तडजोड झाली.

४. वीज गेल्यावर

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

जुन्या फोनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधून त्याच दोन तारांवरून ४८ व्होल्ट यायचे, आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग आणि जनरेटर. गावात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की 'टूंऽऽ' ऐकू यायचं. फायबरची तार वीज वाहून आणत नाही. दिवे गेले की डबी बंद, राउटर बंद, फोन बंद. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे आठवड्याचा एक दिवस फोन बेभरवशाचा.

यावर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही बऱ्या दुकानात. घेण्याआधी डबीच्या ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, १ ते २ ॲम्पिअरचे, पण काही ९ किंवा ५ व्होल्टचेही निघतात, आणि चुकीचा व्होल्टेज दिला तर डबी जळू शकते. फायबरची डबी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. नुसता राउटर जिवंत ठेवून उपयोग नाही, मोबाइलवर वाय-फायच्या रेघा पूर्ण दिसतात आणि कॉल मात्र लागत नाही. हा अनुभव मी घेतला आहे आणि अर्धा तास मोबाइललाच शिव्या घातल्या आहेत.

घरी इन्व्हर्टर असेल तर डबी त्याच्या लाइनवर घ्या. तरी इन्व्हर्टर वीज पलटवताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्याने राउटर पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. चालू कॉल तुटतो तो वेगळाच. छोटा यूपीएस मध्ये असला की हा खंडही जाणवत नाही.

आता एक प्रश्न केबलवाल्याला विचारायचा: "बिल्डिंगमध्ये खाली तुमचा जो खोका आहे, त्याला वीज लागते का?" काही ठिकाणी फायबर थेट घरात येतं आणि वाटेतल्या वाटणीला वीज लागत नाही. काही ठिकाणी खाली विजेवर चालणारं यंत्र असतं आणि तिथून साधी वायर वर येते. दुसरा प्रकार असेल तर तुमच्या घरातला यूपीएस नुसता शोभेचा. आमच्या इमारतीत खोका विजेवरचाच निघाला. सोसायटीच्या सभेत विषय काढला, दोन सभा गेल्या, आणि शेवटी तो जिन्यातल्या दिव्यांच्या इन्व्हर्टरवर घेतला.

एवढं करूनही घरातल्या दोन माणसांची सिमं दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. एक टॉवर बसला तरी दुसरा असतो.

५. यंत्र कोणतं

फायबरच्या डबीला जुना बटणांचा फोन बिनदिक्कत चालतो. चकतीचा काळा फोन मात्र बहुतेक डब्यांना कळत नाही. तो रिंग देईल, बोलताही येईल, पण नंबर फिरवला तरी जायचा नाही. कॉर्डलेस घेतलात तर त्याच्या बैठकीला वेगळी वीज लागते, मागचा 'वीज गेल्यावर' हा भाग पुन्हा वाचा. वडीलधाऱ्यांसाठी मोठ्या बटणांचा, वायरवाला, साधा फोन सगळ्यांत बरा.

घरभर जुनी टेलिफोनची वायर फिरवलेली असेल, म्हणजे हॉलमध्ये एक आणि आत समांतर दुसरा असा प्रकार असेल, तर ती वायर वापरता येते. पण बाहेरून येणारी तांब्याची लाइन आधी पूर्ण सोडवा. दोन्ही एकत्र जुळल्या तर डबीला बाहेरचा विद्युतदाब बसतो. हे काम वायरमनकडून करून घ्या, उगाच हौस नको.

आणि शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला लावताना आधी ० लावावा लागतो. फायबरवरचा फोनही त्यात येतो. आईच्या डायरीत मी लाल पेनाने प्रत्येक मोबाइलआधी शून्य काढलं. पहिल्या आठवड्यात तिने तेच शून्य पुण्यातल्या लँडलाइन नंबरांनाही लावलं. शेवटी डायरीची दोन पानं वेगळी केली.

६. ११२, आणि फोनजवळचा पुठ्ठा

व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही, हे घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना एकदा बसवून सांगा. मुलांना तर खास, कारण त्यांच्या लेखी फोन म्हणजे व्हॉट्सॲप. पोलीस, अग्निशमन, मदत यांसाठी ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. हे साध्या डायलवरूनच.

मोबाइलवरून बोलणाऱ्याला आपला पत्ता सांगावा लागेल असं धरून चाला. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत घराचा पत्ता, जवळची खूण, मजला, लिफ्ट कुठल्या जिन्याला आहे, शेजारच्यांचा नंबर आणि डॉक्टरांचा नंबर लिहून फोनच्या वर चिकटवला. फोन स्टुलावर ठेवला होता, तो खाली, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आणला. म्हातारं माणूस पडलं तर त्याचा हात पोचेल अशी उंची हवी. हे कोणाच्या डोक्यात येत नाही, आमच्याही आलं नव्हतं. शेजारच्या काकांना पाय मोडून चार तास तसंच पडून राहावं लागलं, तेव्हा सुचलं.

७. नंबर कुठे कुठे दिलाय

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, २०११ पासून देशभर. लँडलाइनला ही सोय नाही. एका कंपनीचा लँडलाइन नंबर दुसऱ्या कंपनीत जात नाही. मात्र त्याच कंपनीचं फायबर घेतलं तर पुष्कळ ठिकाणी तांब्यावरचा जुना नंबर फायबरवर आणून देतात. म्हणून दुसरीकडे पैसे भरण्याआधी जुन्या कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात जाऊन हा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा. आमच्याकडे हे झालं, आणि आक्काचा प्रश्न तिथेच मिटला. तिला आजही वाटतं की काही बदललंच नाही.

तुमच्याकडे होत नसेल तर यादी करा: बँक, विमा, गॅस, वीजबिल, मालमत्ता कर, पेन्शनचं कार्यालय, डॉक्टर, औषधाचं दुकान, मुलांची शाळा. लग्नपत्रिकांवरून लोक नंबर उचलतात, त्यामुळे नातेवाइकांना फोन करून सांगा. नुसता संदेश टाकला तर ज्यांना सांगायचंय तेच वाचत नाहीत. आपल्याकडे एके काळी कार्डावर 'पी. पी.' लिहून शेजाऱ्याचा नंबर द्यायची पद्धत होती. अशा एखाद्या जुन्या शेजाऱ्याच्या डायरीत तुमच्या घरचा नंबर अजून असेल, त्यालाही कळवा.

८. परदेशातली मंडळी

भावाशी आता व्हॉट्सॲपवर बोलणं होतं, पण "रिंगच वाजली नाही" ही तक्रार पहिले दोन आठवडे रोज. कारण अगदी क्षुल्लक निघालं. पुष्कळ अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला बराच वेळ न वापरलेली ॲप झोपवतात. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपच्या पानावर जाऊन बॅटरीचं बंधन काढलं की रिंग वेळेवर येते. 'डू नॉट डिस्टर्ब'ही बघून घ्या, आजीच्या फोनवर नातवंडं काय काय दाबून ठेवतात त्याचा नेम नाही.

वेळ ठरवून घ्या. न्यूयॉर्क-न्यू जर्सी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हलतं. ब्रिटनचं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, फरक हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास. या आठवड्यांत "आज फोन का नाही आला" म्हणून आई दर वर्षी अर्धमेली होते, म्हणून कॅलेंडरवर ते चार रविवार गोल करून ठेवले आहेत.

कोणी दुबई-अबुधाबीत असेल तर तिथे व्हॉट्सॲपचे आणि फेसटाइमचे कॉल बंद आहेत. तिथले लोक बोटिम नावाचं ॲप वापरतात, म्हणजे आईच्या मोबाइलवरही ते घालावं लागतं. नाहीतर त्यांनी सरळ आपल्या फायबरच्या नंबरवर लावावं.

अमेरिकेत नुकतेच गेलेले असाल आणि तिकडे घरी फोन हवा असेल, तर तिथेही तांब्याची लाइन घेण्यात अर्थ नाही. गूगल व्हॉइस या नेटवरच्या फोनसेवेचा नंबर वैयक्तिक वापरासाठी फुकट मिळतो, अमेरिका-कॅनडातल्या तिथल्या तिथे कॉलना सहसा पैसे पडत नाहीत. भारताला लावले तर मिनिटाप्रमाणे पडतात, म्हणून घरच्यांशी ॲपवरच बोला. घरातल्या यंत्राला जोडायची इंटरनेट फोनसेवा घेतलीत तर ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरासाठी तुमचा राहता पत्ता तिच्याकडे नोंदवा, आणि घर बदललं की तोही बदला. अपार्टमेंट बदलताना लोक मेलबॉक्सची किल्ली विसरत नाहीत, हे विसरतात.

९. भामटे

व्हॉट्सॲपवर सेटिंग, प्रायव्हसी, कॉल्स, तिथे 'अनोळखी कॉल मूक करा' हे चालू करून द्या. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणाऱ्यांना पाहिलं की तसाच फोन ठेवायचा; अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदतीचा नंबर. हा आकडाही पुठ्ठ्यावर.

१०. अर्ज आणि पावती

नवा फोन महिनाभर नीट चालला की मगच जुना बंद करा. नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर आला असेल तर वेगळा अर्ज लागत नाही, पण तांब्याचं भाडं थांबलं का हे पुढच्या दोन बिलांत बघा. वेगळ्या कंपनीकडे गेला असाल तर शेवटचं बिल भरून, कंपनीचं यंत्र असेल तर परत करून, सुरक्षा ठेव परत मिळण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. सोबत रद्द केलेला चेक लागतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. माझ्या सासऱ्यांनी फोन तोंडी बंद केला, शिक्का घेतला नाही, आणि वर्षभराने त्यांना थकबाकीची नोटीस आली. ठेवीची पावती १९८० च्या सुमाराची असेल तर ती शोधायला पत्र्याच्या ट्रंका उघडाव्या लागतील. त्यासाठी एक रविवार राखून ठेवा.

११. मेन स्विच

सगळं झालं की एक दिवस, घरातले सगळे असताना, कोणाला न सांगता मेन स्विच पाडा. फ्रिज, पंखे, टीव्ही बंद पडू द्या. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सांगा, "आता फोन करून दाखव." तुम्ही हात लावायचा नाही, सुचवायचंही नाही.

आमच्याकडे पहिल्या वेळी आईने मोबाइल उचलला, चष्मा शोधला, चष्मा मिळाला तोवर मोबाइलचा पडदा काळा झाला. यूपीएस चालू होता, डबीवरचे हिरवे दिवे चालू होते. तिने मोबाइल बाजूला ठेवला, खाली वाकून मोठ्या बटणांचा फोन उचलला, डायरीचं दुसरं पान काढलं आणि साताऱ्याचा नंबर लावला. "आक्का, दिवे गेलेत गं आमच्याकडे," ती म्हणाली, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही अंधारात बसून तिळाचे लाडू यंदा कडक का झाले ते ऐकत होतो.